फोनपासून मोठ्या मॉनिटरपर्यंत नीट बसणारी चित्रांची यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो गॅलरी असो, वस्तूंची यादी असो किंवा लेखांच्या छोट्या चित्रांची रांग असो, अडचणी त्याच त्या येतात. कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. चित्राला स्क्रीनवर किती जागा द्यायची हा पहिला, आणि त्या जागेसाठी कोणती फाइल पाठवायची हा दुसरा. पहिला सीएसएसचा (वेबपान कसं दिसेल ते ठरवणारे नियम), दुसरा बहुतांशी एचटीएमएलचा (पानाचा सांगाडा). खालची उत्तरं साधारण याच क्रमाने आहेत. कोडमधले शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत जातील.

लॅपटॉपवर गॅलरी छान दिसते, पण फोनवर अख्खं पानच बारीक होऊन येतं. असं का?

पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला असणार. तो नसेल तर फोनचा ब्राउझर असं धरून चालतो की हे पान जुन्या काळचं, मोठ्या स्क्रीनसाठी बनवलेलं आहे. मग तो ते सुमारे ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. मेटा टॅगमध्ये नाव व्ह्यूपोर्ट आणि कंटेंट ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ एवढं लिहिलं की काम झालं. त्यातच ‘युजर-स्केलेबल=नो’ घालायची जुनी सवय काही टेम्प्लेटांमध्ये अजून दिसते. ते काढून टाका. चित्रांच्या पानावर वाचकाला झूम करू द्यायचं नाही, यात काही अर्थ नाही.

फोटो त्याच्या चौकटीबाहेर पळतो आणि पानाला आडवा स्क्रोल येतो.

चित्राला ‘मॅक्स-विड्थ: १००%’ आणि ‘हाइट: ऑटो’ द्या. दुसरा नियम विसरला तर रुंदी कमी होते पण उंची एचटीएमएलमध्ये लिहिलेलीच राहते, आणि चेहरे लांबुळके दिसू लागतात.

हे करूनही चित्र बाहेर जात असेल तर ग्रिडकडे, म्हणजे ओळी आणि कॉलमांत मांडणी करणाऱ्या सीएसएसच्या पद्धतीकडे बघा. कॉलमला ‘१एफआर’ (उरलेल्या जागेचा एक वाटा) दिलं की त्याचा खरा अर्थ ‘मिनमॅक्स(ऑटो, १एफआर)’ असा होतो. म्हणजे आतल्या मजकुराच्या किमान रुंदीपेक्षा कॉलम लहान व्हायला तयार नसतो. एखादं न तुटणारं लांब फाइलनाव चित्राखालच्या ओळीत आलं की तो कॉलम फुगतो आणि शेजाऱ्यांना ढकलतो. ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहिलं की कॉलमचा हट्ट संपतो. आणि त्या ओळीला ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ द्या, म्हणजे नावही तुटून खाली येईल. फ्लेक्समध्ये, म्हणजे घटक रांगेत मांडणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत, हाच त्रास होतो. तिथे आतल्या घटकाला ‘मिन-विड्थ: ०’ द्यायचं.

आडव्या स्क्रोलचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे ‘१००व्हीडब्ल्यू’, खिडकीच्या रुंदीचे शंभर टक्के. ज्या संगणकांवर स्क्रोलबार जागा घेतो तिथे या मापात त्या स्क्रोलबारची रुंदीही धरलेली असते. साहजिकच पान तेवढं जास्त रुंद होतं. पूर्ण रुंदी हवी असेल तर बहुतेक वेळा साधे ‘१००%’ पुरतात.

प्रत्येक चित्राखाली चार-पाच पिक्सेलची फट राहते. पॅडिंग, मार्जिन सगळं शून्य केलंय.

चित्र मुळात इनलाइन असतं, म्हणजे ब्राउझर त्याला अक्षरासारखं ओळीवर बसवतो आणि खाली उतरणाऱ्या अक्षरांसाठी जागा सोडतो. ‘डिस्प्ले: ब्लॉक’ द्या, फट जाईल.

मोबाइल, टॅबलेट आणि डेस्कटॉपसाठी किती किती कॉलम ठेवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते तो उलट्या टोकाकडून विचारला जातो. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा मांडली तेव्हा लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावणं) अशी तीन साधनं सांगितली होती. त्यातली मीडिया क्वेरीच लोकांनी उचलून धरली. उपकरणांची नावं घेऊन ४८०, ७६८, १०२४ असे आकडे सगळीकडे पेरले गेले. आज घडी घालता येणारे फोन आहेत, अर्ध्या स्क्रीनवर उघडलेल्या खिडक्या आहेत, आडवे धरलेले टॅबलेट आहेत. उपकरणांच्या मागे धावून पुरं पडत नाही.

त्याऐवजी स्वतःला विचारा: माझं चित्र किती लहान झालं तर निरुपयोगी होईल? समजा, २२० पिक्सेलच्या खाली त्यातलं काही कळत नाही. मग कंटेनरला, म्हणजे चित्रं ठेवलेल्या बाहेरच्या डब्याला, ‘डिस्प्ले: ग्रिड’, ‘गॅप: १६पीएक्स’ आणि हा एक नियम द्या:

‘ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(मिन(१००%, २२०पीएक्स), १एफआर))’

याचा अर्थ असा: किमान २२० पिक्सेलचे जितके कॉलम मावतील तितके मांड, आणि उरलेली जागा सगळ्यांना सारखी वाटून दे. हिशोब करून बघू. कंटेनर १००० पिक्सेलचा असेल तर १००० मध्ये एक गॅप मिळवायची, १०१६. तिला २२० अधिक १६, म्हणजे २३६ ने भागायचं. उत्तर ४.३, म्हणजे ४ कॉलम. तीन गॅपचे ४८ वजा केले की प्रत्येक चित्राला २३८ पिक्सेल मिळतात. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्ही बाजूंना १६ची पॅडिंग धरली तर ३२८ उरतात, आणि तिथे एकच कॉलम मावतो. एकही मीडिया क्वेरी लिहावी लागली नाही.

आतला ‘मिन(१००%, २२०पीएक्स)’ अनेकजण गाळतात. तो नसेल तर कंटेनर २२० पेक्षा अरुंद झाल्यावर कॉलम मात्र २२०चाच राहतो आणि चित्र बाहेर डोकावतं. अरुंद साइडबारमध्ये हे हमखास होतं.

सीएसएस ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत आलं, त्यामुळे ‘चालेल का’ ही धास्ती आता नको.

ऑटो-फिल आणि ऑटो-फिट यांत फरक काय?

चित्रं भरपूर असतील तर काहीच नाही. फरक दिसतो तो चित्रं कमी असताना. १००० पिक्सेलच्या जागेत दोनच चित्रं असली तर ऑटो-फिल चार कॉलम आखून दोन रिकामे ठेवतं. ऑटो-फिट रिकामे कॉलम मिटवून दोन्ही चित्रं ताणतं. शोधाच्या निकालात एकच वस्तू सापडली आणि तिचा फोटो पूर्ण पानभर पसरला, असं कुठे पाहिलं असेल तर तिथे ऑटो-फिट आहे. यादीची लांबी बदलती असेल तर ऑटो-फिलच घ्या.

फोनवर एकच कॉलम फार लांबलचक होतो. दोन हवेत. पण किमान माप १५० केलं की मोठ्या स्क्रीनवर सहा-सहा चिमुकली चित्रं येतात.

बरोबर आहे, एकाच स्थिर मापाने दोन्हीकडे भागत नाही. किमान मापच स्क्रीनबरोबर हलू द्या: २२०पीएक्सच्या जागी ‘क्लॅम्प(१५०पीएक्स, २२व्हीडब्ल्यू, २४०पीएक्स)’, म्हणजे किमान, हवं ते आणि कमाल माप. ३६०च्या फोनवर २२ व्हीडब्ल्यू म्हणजे ७९ पिक्सेल, पण क्लॅम्प १५०च्या खाली जाऊ देत नाही. ३२८ पिक्सेलमध्ये दोन कॉलम बसतात, प्रत्येकी १५६. ७६८च्या टॅबलेटवर चार कॉलम, प्रत्येकी १७२. मोठ्या मॉनिटरवर किमान २४० ला थांबतं. आकडे तुमच्या चित्रांप्रमाणे बदला. चेहऱ्यांचे फोटो १५० मध्ये ओळखू येतात, नकाशे आणि आकृत्या येत नाहीत.

फ्लेक्सबॉक्सने हेच करता येत नाही का?

येतं, पण शेवटच्या ओळीत फसतं. ‘फ्लेक्स-रॅप: रॅप’ आणि ‘फ्लेक्स: १ १ २२०पीएक्स’ दिलं की शेवटच्या ओळीत उरलेलं एकटं चित्र पूर्ण रुंदी खाऊन बसतं. मग लोक रिकामे डिव्ह टाकून ती ओळ भरतात. फ्लेक्स एकेक ओळ स्वतंत्र बघतं, वरच्या ओळीत काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वेगवेगळ्या रुंदीची लेबलं, लोगो किंवा बटणं यांच्यासाठी फ्लेक्स उत्तम. एका रेषेत उभे कॉलम हवे असतील तर ग्रिड.

काही फोटो उभे, काही आडवे. ओळी वरखाली होतात. काय करू?

सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांना एकच प्रमाण देणं: ‘विड्थ: १००%’, ‘आस्पेक्ट-रेशो: ४ / ३’, ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’. पूर्वी यासाठी पॅडिंगला ७५% किंवा ५६.२५% देऊन रिकामा डबा उभा करायची युक्ती वापरावी लागायची. २०२१ पासून मुख्य ब्राउझरांत आस्पेक्ट-रेशो आहे. तो जुना कोड दिसला तर निर्धास्त काढा.

कव्हरची किंमत मात्र लक्षात घ्या. चौकट भरण्यासाठी ते चित्र कापतं, आणि न सांगितल्यास मध्यभाग ठेवून कडा कापतं. उभ्या फोटोत माणूस वरच्या अर्ध्यात असतो. तो ४:३ च्या आडव्या चौकटीत घातला की कपाळ जातं आणि शर्टाची बटणं राहतात. ‘ऑब्जेक्ट-पोझिशन: ५०% २०%’ असं काहीतरी देऊन कापण्याचा बिंदू वर सरकवता येतो. यादीत माणसांचे फोटो जास्त असतील तर हेच मूळ माप ठेवलेलं बरं.

जिथे कापणं चालणारच नाही, म्हणजे चित्रकाराचं काम, वस्तूची पूर्ण बाजू, प्रमाणपत्र, तिथे ‘ऑब्जेक्ट-फिट: कंटेन’ वापरा आणि मागे हलका रंग द्या. कडेला पट्टे दिसतात, पण चित्र खरं राहतं. सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या चौकोनी करायची जी साथ आहे तिच्यात अनेक चांगल्या फोटोंचा बळी जातो, असं मला वाटतं.

मग भिंतीत विटा रचल्यासारखी, प्रत्येक चित्राची उंची वेगळी ठेवणारी रचना कशी करायची?

साधं उत्तर: ‘कॉलम्स: २२०पीएक्स’ आणि प्रत्येक घटकाला ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’. कॉलमची संख्या रुंदीप्रमाणे आपोआप बदलते. पण क्रम वर्तमानपत्रासारखा वरून खाली जातो: पहिला कॉलम संपला की दुसरा. क्रमाला महत्त्व नसलेल्या फोटोंसाठी हे चालतं; तारखेप्रमाणे लावलेल्या यादीत ताजी चित्रं सगळी डाव्या कॉलममध्ये जाऊन बसतात आणि वाचक गोंधळतो.

ग्रिडमध्ये ‘ग्रिड-ऑटो-फ्लो: डेन्स’ देऊन भोकं भरता येतात. त्यात दिसणारा क्रम आणि कोडमधला क्रम वेगळा पडतो. कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबत जाणाऱ्याचा फोकस मग इकडून तिकडे उड्या मारतो. चित्रं लिंक असतील तर हे टाळा.

चित्रं छोटी दिसतात, तरी पान उघडायला वेळ लागतो. सीएसएसने लहान केलीत की!

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो. सीएसएस फक्त दिसणं बदलतं. २३८ पिक्सेलच्या चौकटीत ४००० पिक्सेल रुंद फोटो ठेवला तरी फाइल पूर्णच उतरते. आणि गोष्ट फक्त डाउनलोडची नाही. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल; उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४८ मेगाबाइट मेमरी. जेपेग कितीही दाबून लहान केलं तरी या हिशोबात फरक पडत नाही. असे तीसेक फोटो एकदम उघडले की स्वस्तातला फोन स्क्रोल करताना अडखळणारच.

उपाय म्हणजे एकाच चित्राच्या ३२०, ४८०, ६४०, ९६० आणि १२८० पिक्सेल रुंदीच्या प्रती तयार ठेवणं आणि इमेज टॅगच्या ‘एसआरसीसेट’ या गुणधर्मात प्रत्येक फाइलपुढे तिची खरी रुंदी लिहिणं: ३२०डब्ल्यू, ४८०डब्ल्यू, वगैरे. कोणती घ्यायची ते ब्राउझर ठरवतो, कारण स्क्रीनची घनता (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे एका दिशेत किती खरे पिक्सेल) त्यालाच माहीत असते. ३६० पिक्सेलचा फोन, घनता ३. पूर्ण रुंदीच्या चित्राला तिथे १०८० खरे पिक्सेल लागतात. साध्या मॉनिटरवर चार कॉलमांत तेच चित्र २३८ ला भागतं. फोनला मोठी फाइल आणि डेस्कटॉपला लहान, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गॅलरीत नेहमी असंच घडतं.

‘१एक्स, २एक्स’ ही दुसरी पद्धत चित्राचं माप सगळीकडे सारखंच असेल तेव्हा ठीक, उदाहरणार्थ लोगो किंवा छोटा गोल प्रोफाइल फोटो. ताणल्या-आकसणाऱ्या यादीत तिचा उपयोग नाही.

‘सायझेस’मध्ये नेमकं काय लिहायचं? मी तर ते सोडूनच देतो.

चित्र किती रुंद दिसणार ते त्यात सांगायचं असतं; सोडलं की ब्राउझर १००व्हीडब्ल्यू धरतो, म्हणजे ‘हे चित्र पूर्ण स्क्रीनभर आहे’. १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर प्रत्येक छोट्या चित्रासाठी तो १२८०ची प्रत मागवतो, जिथे ३२० पुरली असती. रुंदी चौपट म्हणजे पिक्सेल १६ पट. एसआरसीसेट लावूनही पान हललं नाही अशी तक्रार आली की मी आधी सायझेस बघतो.

ब्राउझर चित्र निवडतो तेव्हा सीएसएस अजून पोचलेलं नसू शकतं. म्हणून मांडणी काय होणार ते त्याला एचटीएमएलमध्येच आगाऊ सांगावं लागतं. वरच्या २२०च्या ग्रिडचाच हिशोब पुढे नेऊ. पॅडिंग दोन्हीकडे १६, आणि कंटेनर १००० पिक्सेलला थांबतो. दुसरा कॉलम ४५६ पिक्सेलच्या कंटेनरला येतो, म्हणजे ४८८च्या स्क्रीनला. तिसरा ६९२ ला, म्हणजे ७२४च्या स्क्रीनला. दोन कॉलम असताना चित्र जास्तीत जास्त ३३७ पिक्सेल होतं, तीन किंवा चार असताना २९८. म्हणून:

‘(मिन-विड्थ: ७२४पीएक्स) ३००पीएक्स, (मिन-विड्थ: ४८८पीएक्स) ३४०पीएक्स, १००व्हीडब्ल्यू’

यात एक गंमत दिसेल. सगळ्यात मोठं चित्र मॉनिटरवर येत नाही. ते ४८७ पिक्सेलच्या स्क्रीनवर येतं, दुसरा कॉलम मावायला एक पिक्सेल कमी पडतो तिथे, आणि ते ४५५ पिक्सेल रुंद असतं. ‘मोठी स्क्रीन, मोठी फाइल’ असं गृहीत धरून लिहिलेलं सायझेस इथेच चुकतं.

सायझेसमध्ये टक्के चालत नाहीत. व्हीडब्ल्यू, पिक्सेल किंवा ‘कॅल्क’ वापरा. अगदी अचूक असण्याची गरज नाही, अंदाज जवळपास असला की झालं. २०२४ पासून क्रोममध्ये लेझी लोड होणाऱ्या (स्क्रोल करत जवळ आल्यावरच उतरणाऱ्या) चित्रांना ‘सायझेस=ऑटो’ देता येतं; तिथे ब्राउझर मांडणी झाल्यावर स्वतःच माप घेतो. इतर ब्राउझरांसाठी त्यापुढे स्वल्पविराम देऊन वरची यादी लिहून ठेवा.

विंडो लहान केली तरी मोठीच फाइल येते. एसआरसीसेट चालत नाहीये.

बहुधा चालतंय. मोठी प्रत कॅशमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात) असताना लहान प्रत पुन्हा उतरवण्यात ब्राउझरला फायदा नसतो, म्हणून तो हातातलीच वापरतो. डेव्हलपर टूल्समध्ये कॅश बंद करा, विंडो आधी लहान करा आणि मग पान नव्याने उघडा. कन्सोलमध्ये चित्राचा ‘करंटएसआरसी’ छापला की कोणती फाइल निवडली ते कळतं.

पिक्चर टॅग कधी लागतो?

दोन वेळा. लहान स्क्रीनवर वेगळं चित्रच दाखवायचं असेल तेव्हा. उदाहरणार्थ रुंद दृश्याऐवजी त्यातल्या माणसाचा जवळून कापलेला फोटो. आणि फाइलचा प्रकार बदलायचा असेल तेव्हा: आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपेग, ब्राउझर वरून खाली जात जे जमतं ते पहिलं घेतो. वेबपी सफारीत २०२० साली आलं, एव्हिफ २०२२ साली. पिक्चरच्या आत इमेजचा टॅग असलाच पाहिजे; चित्र तोच दाखवतो, सोर्स फक्त पर्याय सुचवतात. निव्वळ मापं बदलायची असतील तर पिक्चरच्या वाटेला जाऊ नका.

सगळ्या चित्रांना ‘लोडिंग=लेझी’ लावलं तर?

पहिल्या स्क्रीनवर दिसणारी चित्रं उशिरा येतील. ब्राउझरला ती लगेच लागणार आहेत, आणि तुम्ही त्याला ‘सावकाश’ म्हणताय. पहिल्या एक-दोन ओळी तशाच सोडा, बाकीच्यांना लेझी द्या. सगळ्यात वरचं मोठं चित्र असेल तर त्याला ‘फेचप्रायॉरिटी=हाय’ द्यावं, पण एकालाच; सगळ्यांना दिलं की ते कुणालाच न दिल्यासारखं होतं.

किती चित्रं ‘पहिल्या स्क्रीनवर’ येतात हे स्क्रीनप्रमाणे बदलतं, हे खरं. फोनवर दोन, मॉनिटरवर आठ. मी मधला आकडा धरतो आणि पुढे जातो.

चित्रं येता येता पान खाली-वर उड्या मारतं.

इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहा, एककाशिवाय, फाइलचीच मापं. ‘रिस्पॉन्सिव्ह करायचंय म्हणून मापं काढली’ हा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जायचा. तो आता जुना झाला. आजचे ब्राउझर त्या दोन आकड्यांतून प्रमाण काढतात आणि चित्र येण्याआधीच तेवढी जागा राखतात. प्रत्यक्ष रुंदी सीएसएसच ठरवतं. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये या उड्यांचं माप सीएलएस या नावाने मोजतात, ०.१ किंवा कमी असेल तर चांगलं धरलं जातं.

हीच यादी साइडबारमध्ये टाकली की बिघडते.

मीडिया क्वेरी स्क्रीन बघते, साइडबार बघत नाही. १४४०च्या मॉनिटरवर ३०० पिक्सेलच्या साइडबारमध्येही ती ‘मोठी स्क्रीन’चेच नियम लावते. ऑटो-फिलचा ग्रिड इथे आपोआप तरतो, कारण तो कंटेनरच मोजतो. क्लॅम्पमधलं व्हीडब्ल्यू मात्र तरत नाही.

कॉलमपलीकडचं काही बदलायचं असेल, जसं की अरुंद जागेत मजकूर चित्राखाली आणि रुंद जागेत शेजारी, तर कंटेनर क्वेरी घ्या. बाहेरच्या घटकाला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ’ आणि आतल्यांसाठी ‘अ‍ॅट-कंटेनर’चा नियम. फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्सने ते आणलं आणि मुख्य ब्राउझर पूर्ण झाले. कंटेनर स्वतःची शैली स्वतःच्या मापाप्रमाणे बदलू शकत नाही, फक्त आतल्यांची; म्हणून बरेचदा एक जादा आवरण घालावं लागतं. क्लॅम्पमध्येही व्हीडब्ल्यूच्या जागी ‘सीक्यूआय’ हे कंटेनरचं एकक चालतं.

फोनवर खाली-खाली जाण्याऐवजी आडवी सरकणारी पट्टी ठेवू का?

मुख्य यादीसाठी नको. ‘आणखी अशीच चित्रं’ प्रकारच्या दुय्यम रांगेला चालेल. ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’, ‘स्क्रोल-स्नॅप-टाइप: एक्स मॅन्डेटरी’, आणि प्रत्येक चित्राला ‘स्क्रोल-स्नॅप-अलाइन: स्टार्ट’. चित्राची रुंदी ८०% च्या आसपास ठेवा म्हणजे पुढच्याची कड दिसते. ती दिसली नाही तर पुढे काही आहे हे कुणाला कळतच नाही.

चित्राखालचा मराठी मजकूर कापला जातो. इंग्रजीत ठीक होता.

डिझाइन इंग्रजी मजकुरावर बेतलं की असं होतं. ‘लाइन-हाइट: १.१’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ एकत्र आले की देवनागरीत वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार छाटले जातात. ‘र्की’ किंवा ‘ट्रू’ असलेला शब्द घालून बघा, लगेच दिसेल. लाइन-हाइट १.५ च्या आसपास ठेवा. दोनच ओळी दाखवायच्या असतील तर डब्याला पिक्सेलमध्ये ठराविक उंची देऊ नका. लाइन-क्लॅम्प वापरा, म्हणजे वाचकाने अक्षरं मोठी केली तरी ओळ मधूनच चिरली जाणार नाही.

मजकूर फक्त माउस नेल्यावर दिसेल अशी रचना असेल तर फोनवर तो भरवशाने दिसणार नाही. ‘हॉव्हर: हॉव्हर’ ही मीडिया क्वेरी लावून लपवण्याचा नियम माउसवाल्यांपुरताच ठेवा.

यादीसाठी यूएल वापरायचं की नुसते डिव्ह?

यूएल. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘यादी, २४ घटक’ असं काहीसं सांगतो आणि ऐकणाऱ्याला आवाका कळतो. डावीकडची ४० पिक्सेलची पॅडिंग काढायला विसरू नका. फोनवर ‘सगळं उजवीकडे सरकलंय’ म्हणतात ते तिच्यामुळेच. ठिपके काढण्यासाठी ‘लिस्ट-स्टाइल: नन’ दिलं की सफारीत व्हॉइसओव्हर (अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर) तिला यादी मानणं सोडतो; यूएलला ‘रोल=लिस्ट’ देऊन ते परत मिळतं.

ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राच्या पर्यायी मजकुरात, चित्रात काय आहे ते लिहा. खालच्या ओळीत तेच शब्दशः असेल तर पुन्हा लिहू नका, दोनदा ऐकावं लागतं. निव्वळ सजावटीच्या चित्राला ऑल्ट रिकामा ठेवा, पण गाळू नका. गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसतात.

यासाठी एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी लागेल का?

मांडणीसाठी नाही. चित्रावर टिचकी मारल्यावर मोठं करून दाखवायचं असेल तर थोडी जावास्क्रिप्ट लागते, आणि तिथेही ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग बरंच काम करतो.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं?

उपकरणांची यादी घेऊन एकेक तपासण्यापेक्षा डेव्हलपर टूल्समध्ये विंडोची कड धरून ३२० पिक्सेलपासून सावकाश रुंद करत न्या. मध्ये कुठे काही तुटतं का बघा. तुटतं ते बहुधा ठरलेल्या मापांच्या मधल्या जागेत, जिथे कुणी बघत नाही. मग १२८० पिक्सेलच्या विंडोत ४०० टक्के झूम करा. ब्राउझरच्या दृष्टीने ती ३२०चीच विंडो होते, आणि आडवा स्क्रोल न येता पान वाचता यावं अशी डब्ल्यूसीएजी २.१ ची (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक नियमांची) अपेक्षा आहे. नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून एकदा पान उघडा; राखलेल्या जागा आणि चित्रांचा क्रम तेव्हाच नीट दिसतो. शेवटी यादीत एकच चित्र ठेवून बघा, मग शंभर, मग एक तुटलेली लिंक असलेलं.